फेरा, पाळी, वीप्सा

बालाघाटच्या संगणक वर्गात मराठी घरातली आणि हिंदी घरातली मुले एकाच बाकावर बसतात, एकाच यंत्राला आज्ञा देतात. क्रियापदे मात्र आपापली घेऊन येतात. यंत्राकडून तेच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायचे तर हिंदीत ‘लूप चला दे’, ‘लूप लगा दे’ असे ऐकू येते. मराठीत ‘लूप लाव’ आणि ‘लूप चालव’ हेही खपते, पण जिभेवर सहज येते ते ‘लूप फिरव’. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेला याने काही फरक पडत नाही, आपल्याला पडायला हवा. चल् हा धातू वेदांपासून चालत आलेला, प्रतिष्ठित. फिरणे मात्र संस्कृताच्या घरचे दिसत नाही. अपभ्रंशात ते भेटते, हिंदी, गुजराती, पंजाबी सगळीकडे नांदते, पण मागे जावे तर माग हरवतो. देश्य असावे. फेर, फेरा, फेरी, फेरफटका, फेरफार ही सगळी त्याचीच पिलावळ.

दुसरे कोडे लिंगाचे. आपण ‘तो लूप’ म्हणतो. का? इंग्रजीतून आलेल्या अकारान्त नावाला मराठीत कोणतेही लिंग मिळू शकते: बस ती, पेन ते, बल्ब तो. मला वाटते फेरा, वळसा, वेढा, घेर, फास हे घरचे पुल्लिंगी शब्द आधीच रांगेत उभे होते आणि पाहुणा त्यांच्या पंगतीला बसला. चक्र आणि आवर्तन ही नपुंसकलिंगी जोडी त्याला ओढू शकली नाही, यावरून बोलणाऱ्याच्या मनात पोथीतला शब्द नसून रोजचा फेरा होता असे दिसते.

मराठी-हिंदीच्या सीमेवरच्या गावी असे प्रश्न पडणारच, आणि या गावाचे नावच दोन घरचे आहे. बाला म्हणजे फारसीत वरचा. किल्ल्यातला सर्वांत उंच भाग तो बालेकिल्ला, त्यातला ‘बाले’ हाच. त्याचे इराणी मूळ ‘उंच’ या अर्थाचे असून संस्कृतातल्या बृहत्‌शी त्याचे नाते असावे. घाट हा संस्कृत घट्टाचा वंशज. त्याच्या मागे पुन्हा कन्नड-तेलुगूतला गट्टु, म्हणजे बांध किंवा काठ, डोकावतो. म्हणजे बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. याची जोडी पाईनघाट, घाटाखालचा. फारसी पाईनच्या पोटात पाय आहे, आपलाच पाय. वऱ्हाडात बालाघाट-पाईनघाट अशी वाटणी होती, दक्षिणेत कर्नाटक बालाघाट आणि कर्नाटक पाईनघाट होते, मराठवाड्यात बीड-धाराशिवकडे बालाघाटची डोंगररांग आजही त्याच नावाने उभी आहे. मध्य प्रांतातला हा जिल्हा 1867 मध्ये मंडला, सिवनी आणि भंडारा यांचे तुकडे जोडून केला. त्यातला खरा वरचा भाग बैहरकडचे पठार. ज्या गावाला जिल्ह्याचे नाव मिळाले ते जुने बुढा मात्र खाली वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. घाटावरचे नाव घाटाखाली उतरले.

तिथल्या लोकांची व्युत्पत्ती वेगळी आहे. भोवती बारा घाट, म्हणून मूळ नाव बाराघाट. कागद कलकत्त्याला गेले आणि परत येताना ‘र’चा ‘ल’ झाला. ध्वनीच्या दृष्टीने यात अशक्य काही नाही. र आणि ल यांत भेद मानू नये असे जुने पंडितही म्हणत, आणि रोम-लोम ही जोडी अजून साक्ष देते. तरीही एकाच नावाचे इतके मुलूख दख्खनभर विखुरलेले असताना प्रत्येक ठिकाणी बारा घाट मोजले गेले असतील असे वाटत नाही. फारसीचा दावाच बळकट. पण लोकांनी घाटांची नावे एकामागून एक घेत बारापर्यंत मोजले, ही गोष्ट आपण जरा बाजूला जपून ठेवू.

लूप हा शब्द या भागात संगणकाच्या पुष्कळ आधी आला, आणि रुळांवरून आला असावा. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी सातपुड्याची अरुंद रेल्वे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धावू लागली. मार्ग एकेरी. समोरून गाडी येणार असेल तर एकीने स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर सरकून थांबायचे. तो रूळ म्हणजे लूप लाइन. लाइन स्त्रीलिंगी म्हणून हा लूपही तिच्या मागे स्त्रीलिंगी होतो. तिथून हा शब्द कचेरीत शिरला. मध्य प्रदेशच्या हिंदीत एखाद्या अधिकाऱ्याला महत्त्वाच्या जागेवरून काढून नगण्य खात्यात टाकले की ‘लूप लाइन में डाल दिया’ म्हणतात, आणि हे वाक्य समजायला रेल्वे माहीत असावी लागत नाही. मराठीत आपण त्याला अडगळीत टाकले म्हणू.

तिसरा लूप 1965 च्या सुमारास सरकारी कुटुंबनियोजनाबरोबर आला. बफेलोच्या जॅक लिप्स या डॉक्टरांनी बनवलेले ते प्लास्टिकचे साधन, दोन वळणे एकात गुंफल्यासारखे. पुढे त्याची जागा तांब्याची तार गुंडाळलेल्या कॉपर-टीने घेतली आणि मराठी बायकांनी तिला नाव दिले तांबी. किती नेमके, किती घरगुती! परका शब्द आला, राहिला आणि गेला. धातूच्या नावावरून बनलेला आपला शब्द टिकला. याच बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला देशातली तांब्याची सर्वांत मोठी खाण आहे, म्हणून हा आडरस्ता मला सोडवला नाही.

आता गंमत बघा. या तीनही लूपांत पुनरावृत्ती नाही. रेल्वेचा लूप मुख्य वाटेपासून फुटतो आणि पुढे तिलाच मिळतो, कचेरीतला तर मिळतही नाही, आणि लिप्सचा लूप नुसता आकार. पुन्हा पुन्हा करणे हा अर्थ लूपला संगणकानेच चिकटवला. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकापासून आढळतो, अर्थ दोरीचे दुमडलेले वेटोळे. मूळ निश्चित नाही, आयरिश लूब म्हणजे वाकण याच्याशी संबंध असावा. किल्ल्याच्या भिंतीतले बंदुकीचे भोक, ज्याला आपण फारसी जंगवरून जंगी म्हणतो आणि अनेकवचनात जंग्या, त्याचे इंग्रजी नाव लूपहोल. त्यातला लूप मात्र निराळा असावा, चोरून पाहण्याशी नाते सांगणारा. कायद्यातल्या लूपहोलला मराठी पळवाट म्हणते. इंग्रजाला भिंतीतले भोक दिसले, मराठीला त्यातून निसटणारा माणूस.

यंत्राला तेच काम फिरून करायला लावण्याची कल्पना एडा लव्हलेस यांनी 1843 मध्ये बॅबेजच्या यंत्रावरच्या टिपांत मांडली, तेव्हा त्यांनी शब्द वापरला सायकल, म्हणजे चक्र. लूप बहुधा कागदामुळे पुढे आला. हार्वर्डचे मार्क वन हे यंत्र 1944 चे. त्याच्या आज्ञा भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर असत. तेच गणित पुन्हा करायचे असेल तर पट्टीचे शेवटचे टोक आणून सुरुवातीला चिकटवत. अशी खरोखरच वेटोळ्याची पट्टी हाताळणाऱ्यांना लूप म्हणायला लांब जावे लागले नसेल. पट्टी गेली, डिंक गेला, आकाराचे नाव क्रियेला राहिले.

या क्रियेला मराठीत शब्द किती? मी मोजत बसणार नाही, पण दोन-तीन घराणी अशी आहेत की त्यांच्या दारावरून पुढे जाववत नाही.

पहिले वृत् धातूचे. आवर्तन, आवृत्ती, पुनरावृत्ती, वर्तुळ हे त्यातले तत्सम भाऊ. तद्भव अधिक गोड. चाकांनी आखलेले वर्त्म, प्राकृतात वट्ट, त्याची वाट. वळलेली वर्ति, तिची समईतली वात आणि हिंदीतली बत्ती. वर्तुलाचे वाटोळे, गोल या निरुपद्रवी अर्थापासून सर्वनाशापर्यंत ते कसे घरंगळले हा स्वतंत्र लेखाचा विषय व्हावा. लॅटिनमध्ये याच घरातले व्हर्टेरे, वळवणे; त्यावरून इंग्रजी व्हर्जन. म्हणजे ‘नवे व्हर्जन’ आणि ‘नवी आवृत्ती’ ही भाषांतरे नसून सख्ख्या चुलत बहिणी आहेत. आणि आवर्तन हा शब्द पोथीत पडून राहिलेला नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. कालव्याला पाणी सोडतात त्या फेरीला महाराष्ट्रातला शेतकरी आवर्तनच म्हणतो, तबलजी समेवरून निघून समेवर येण्याला आवर्तन म्हणतो. तीनतालाच्या सोळा मात्रांचे आवर्तन आणि सोळा वेळा फिरणारा लूप यांत एक फरक राहतो: तालाला सम ही येण्याची जागा आहे, लूपला सोळा ही थांबण्याची खूण आहे.

दुसरे घराणे वार. संस्कृतात वार म्हणजे पाळी, वेळ, खेप. आठवड्यात ज्याची पाळी तो त्याचा वार. वारंवार म्हणजे पाळीमागून पाळी. पंढरीची वारीही याच वारातून निघाली असावी: ठरल्या काळाने पुन्हा पुन्हा घडणारे जाणे. आता हिंदीतला बार-बार घ्या. फारसीतही बार म्हणजे वेळ, खेप. आणि संस्कृत ‘व’च्या जागी फारसीत ‘ब’ येणे नित्याचे, जसे विंशतीचे बीस्त, वाताचे बाद. पण हिंदीही स्वतःच ‘व’चा ‘ब’ करते. मग हिंदीतला बार वारापासून घरातच झाला की इराणातून परत आला? दोन्ही वाटा एकाच दाराशी पोचतात, आणि मला तर दोघांनाही मान द्यावासा वाटतो. पंढरपुरात आणखी एक गाठ आहे. वारी करून आलेला माणूस दर्शनबारीत उभा राहतो. ही बारी पाळीची बारी असेल तर वारी आणि बारी एकाच वाराची दोन रूपे ठरतील. मात्र डोंगरातल्या खिंडीलाही आपण बारी म्हणतो आणि ती द्वारापासून आलेली दिसते. रांग ही अरुंद वाट, हेही पटण्यासारखेच.

तिसरा शब्द एकटाच पण सर्वांत भरीव: पाळी. संस्कृत पालि म्हणजे ओळ, रांग, काठ. कन्नडातही पाळि आहे आणि तिथेही त्याचा अर्थ पाळी. बालाघाटशेजारी भरवेलीला मँगनीजची खाण आहे. खाणीत, गिरणीत, कारखान्यात जिथे जिथे मराठी कामगार गेला तिथे दिवसपाळी आणि रात्रपाळी झाली. अर्थाचा प्रवास बघण्यासारखा आहे. आधी पाळी म्हणजे रांग. मग रांगेतल्या एकेकाला जी संधी येते ती पाळी. स्थळाचा शब्द काळाचा झाला. स्क्रिप्ट लिहिणारा माणूस पुढ्यात एक रांग घेतो, नावांची, किमतींची, चित्रांची, आणि प्रत्येकावर तेच काम करून घेतो. इंग्रजीला यासाठी ॲरे आणि इटरेशन असे दोन शब्द लागतात. मराठीच्या पाळीत रांगही आहे आणि रांगेतली वेळही.

इटरेशनला मी परके म्हणून हाकलणार नाही. लॅटिन इटेरुम म्हणजे पुन्हा, आणि त्याचा सख्खा संस्कृत भाऊ इतर. हो, रोजच्या वापरातला ‘इतर’. पुन्हा करणे म्हणजे आणखी एक, निराळे करणे, ही समजूत त्या मूळ शब्दात दडलेली दिसते. तीच ओळ यंत्र शंभरदा चालवते, पण मोजणीचे ते इवलेसे अक्षर दर फेऱ्याला बदललेले असते. बदलले नाही तर पुढे काय होते ते सांगतोच.

त्याआधी आज्ञांची नावे. फॉर ही आज्ञा इंग्रजी वाटते, पण पहिल्यांदा ती जर्मनमध्ये लिहिली गेली. झुरिकचे हाइन्झ रुटिसहाउझर यांनी 1949 ते 1951 दरम्यान सुपरप्लान नावाची भाषा आखली, तीत फ्युअर हा शब्द होता. 1958 मध्ये झुरिकलाच ठरलेल्या अल्गोलमध्ये तो फॉर झाला. मध्यंतरी 1957 च्या फोरट्रानमध्ये डू होता. पुढे सी भाषेतून फॉर ब्रँडन आईक यांच्या जावास्क्रिप्टमध्ये उतरला, 1995 मध्ये. त्या भाषेचे बाळंतपणातले नाव मोका, येमेनचे मोखा बंदर, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरमध्ये जावास्क्रिप्ट. मोका काय, जावा काय, दोन्ही कॉफीच्या गोण्यांवरची नावे. जावा बेट आपल्या ग्रंथांत यवद्वीप म्हणून येते, रामायणाच्या किष्किंधाकांडातही. यव म्हणजे जव. कॉफीच्या पेल्यावरून घेतलेल्या नावात तळाशी जवाचा दाणा निघतो.

व्हाइलची कुळकथा याहून सुरस. जुन्या इंग्रजीत तो काळाचा तुकडा. त्यामागचा मूळ धातू विसावण्याचा असावा, ज्यावरून लॅटिन क्विएस आणि इंग्रजी क्वाएट. इराणी शाखेत विसाव्याचा आनंद झाला: प्राचीन पारशीत शियाति म्हणजे सुख, फारसीत शाद म्हणजे आनंदी. शाद बाश, आनंदी राहा, हा आशीर्वाद आटून आपल्याकडे शाबास झाला. म्हणजे क्षणाचीही उसंत न घेता फिरत राहणाऱ्या आज्ञेचे नाव आणि मास्तरांची शाबासकी एकाच विश्रांतीतून निघाल्या असाव्यात. कंटिन्यू हा तर आपल्या संततीतलाच. लॅटिन टेनेरे आणि संस्कृत तन् एकाच धातूचे, ताणण्याचे. तिकडे कंटिन्यू, इकडे संतत, सातत्य, संतान, तंत्र. स्क्रिप्टमध्ये कंटिन्यू म्हटले की यंत्र हातातली पाळी सोडून पुढच्या पाळीला लागते. सोडूनही सातत्य राखणे ही कल्पना विणकराला लगेच कळेल.

मोजणीचे अक्षर हलले नाही, अट खोटी झालीच नाही, तर फेरा संपत नाही. मराठी माणसाला हे समजावायला चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा पुरे. त्यातून सुटका ती मुक्ती. मुच्‌ पासून मुक्त, प्राकृत मुक्कल, आपला मोकळा. ब्रेक लिहिणारा फेऱ्यातून मोकळा होतो, असे म्हणायला मला तरी आवडते. पण नैयायिकांनी अंत नसण्याचे प्रकार पाडले होते, आणि ते इथे भलतेच उपयोगी आहेत. क ला ख चा आधार, ख ला ग चा, आणि ग ला पुन्हा क चा, तर तो दोष चक्रक. आधाराला आधार, त्याला नवा आधार, असे मागे मागे जात कुठेच ठाव लागत नसेल तर ती अनवस्था. अरबी-फारसी तर्कशास्त्रातही हीच जोडी आहे: दौर आणि तसल्सुल. दौर म्हणजे वर्तुळात फिरणे; त्याच धातूचा दौरा पुढे साहेबाबरोबर जिल्ह्यातून हिंडू लागला. तसल्सुल म्हणजे साखळी होत जाणे. सिलसिला त्याच साखळीतला. आता यंत्राकडे बघा. न संपणारा व्हाइल त्याच ओळीवर, त्याच स्थितीत परत येत राहतो: तो चक्रक, तो दौर. स्वतःलाच हाक मारणारे फंक्शन दर हाकेला स्मृतीत एक नवा थर चढवते आणि शेवटी जागा संपून कोसळते: ती अनवस्था, तो तसल्सुल. विद्यार्थी दोघांनाही ‘अडकला’ म्हणतात. दोन दोष वेगळे, दुरुस्त्या वेगळ्या, आणि नावेही शतकानुशतके वेगळी पडलेली आहेत. ती वापरावीत असे मला मनापासून वाटते.

फेऱ्याला मध्य हवा, हे जुन्या लोकांनी खळ्यावर पाहिले होते. मळणीचे बैल ज्या खांबाला बांधायचे तो मेधि किंवा मेढि. अमरकोशात तो नोंदलेला आहे, आणि मराठीतली मेढ त्याचीच. भागवताच्या पाचव्या स्कंधात ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ग्रहताऱ्यांना खळ्यावरच्या याच खांबाभोवतीच्या बैलांची उपमा आहे, काही खांबाजवळचे, काही मधले, काही कडेचे. धानाच्या मुलखात, बालाघाट-गोंदियात, रोवणी-चुरणीच्या शब्दांत वाढलेल्या मुलाला एकात एक फिरणारे लूप सांगताना हाच संदर्भ पुरेल.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला तो शब्द. पाणिनीचे आठव्या अध्यायातले एक सूत्र, 8.1.4, द्विरुक्तीचे आहे: शब्द दोनदा कधी उच्चारावा? दोन अर्थांत. एक नित्य, दुसरा वीप्सा. टीकाकार उलगडून सांगतात की नित्य म्हणजे क्रियेची वारंवारता, आणि ती क्रियापदांत आणि क्रियेपासून बनलेल्या अव्ययांत दिसते. वीप्सा नामांत दिसते. मराठीत उदाहरणे हवीत तर चालता चालता, रडून रडून, वाचत वाचत हे नित्य. घरोघरी, गावोगाव, दारोदार, पानोपानी ही वीप्सा. पहिल्यात एकच क्रिया टिकून राहते, काहीतरी घडेपर्यंत. दुसऱ्यात क्रिया एक, पण ती एकेका वस्तूला शिवत सगळ्या समूहावरून जाते.

पहिला म्हणजे व्हाइल, दुसरा म्हणजे प्रत्येकाला शिवणारा फॉरईच. यापेक्षा नेमके भाषांतर मला सुचत नाही. इंग्रजीने दोघांना लूप या एकाच वेटोळ्यात कोंबले. वेबच्या भाषांना स्वतः हा भेद हळूहळूच उमगला असे दिसते. पीएचपीत फॉरईच आला तो चौथ्या आवृत्तीत, 2000 मध्ये. जावास्क्रिप्टच्या रांगांना तशी सोय 2009 च्या मानकात मिळाली, आणि फॉर-ऑफ ही सुटसुटीत रचना 2015 मध्ये. तोवर प्रत्येकाला शिवायचे असले तरी शून्यापासून मोजत जावे लागे, म्हणजे वीप्सेचे काम नित्याकडून करून घ्यावे लागे. मोजणी चुकली की रांगेतला शेवटचा गडी उपाशी राही. बारा घाटांची ती लोककथा आठवा: घाट मोजून बारा भरले हे महत्त्वाचे नाही, एकेका घाटाचे नाव घेतले गेले हे महत्त्वाचे. ती वीप्सा.

वीप्सा शब्दाची घडणही मोठी देखणी. वि आणि आप् मिळून व्यापणे. त्याचे इच्छार्थक रूप, व्यापण्याची इच्छा. जशी आप् ची ईप्सा, तशी वि-आप् ची वीप्सा. म्हणजे पाणिनीय परंपरेत ‘प्रत्येक’ ही वस्तूंची मोजदाद राहत नाही, ती बोलणाऱ्याची इच्छा होते: एकही सुटू नये अशी. गावोगाव हिंडलो म्हणणारा माणूस गावांची संख्या सांगत नसतो.

हीच इच्छा फारसीनेही आपल्याला दोन इवल्या शब्दांत दिली. हर आणि दर. हर हा प्राचीन इराणी हरुव, आणि हरुव म्हणजे आपला सर्व. दर हा अंदरचा धाकटा अवशेष, आणि अंदर म्हणजे आपला अंतर्. फारसीत दर म्हणजे ‘मध्ये’, इतकेच. मराठीत मात्र दरसाल, दरमहा, दरडोई, दरशेकडा असे होत होत त्याने ‘प्रत्येक’चा अर्थ घेतला, आणि मग भाजीचा दरही त्यातूनच निघाला असावा: दर शेराला किती, तो दर. हिंदीत ‘हर’ घरचा झाला. भाव या अर्थी ‘दर’ तिथेही आहे, पण दरसालचा ‘दर’ फारसा रुजलेला दिसत नाही. तिथला दर-दर भटकना हा आणखी तिसराच: त्यातला दर म्हणजे दरवाजा, संस्कृत द्वार, मराठी दार. म्हणून हिंदीचे दर-दर आणि मराठीचे दारोदार शब्दाने, अर्थाने आणि वीप्सेनेही एकच आहेत, फक्त एक इराण फिरून आला.

पण दारोदारमधला हा ‘ओ’ कुठला? हिंदी नुसते घर-घर, गाँव-गाँव म्हणते. आपण घरोघर, गावोगाव. संस्कृतातल्या प्रथमेच्या द्विरुक्तीत संधीने पहिल्या शब्दाला ‘ओ’ येतो, तो इथे गोठून राहिला असावा असे म्हणता येईल. मग रानोमाळचे काय करायचे? रान आणि माळ हे दोन निराळे शब्द. तिथे द्विरुक्तीच नाही, तरी ‘ओ’ आहे, आणि तो ‘आणि’सारखा वागतो. फारसीत दोन नावे जोडणारा ‘ओ’ असतोच, शब-ओ-रोज म्हणजे रात्र आणि दिवस. जागोजागीमध्ये तर जागा हा शब्दच फारसी. उलट रातोरात आणि हातोहात यांत ‘ओ’ आहे, द्विरुक्ती आहे, पण वीप्सा नाही; रातोरात म्हणजे प्रत्येक रात्री नव्हे. हिंदीतही नेमके इथेच रातोंरात, हाथोंहाथ असा अनुनासिक ‘ओं’ उपटतो, जो तिथल्या अनेकवचनाचा दिसतो. तेव्हा एकाच ‘ओ’त दोन-तीन ओढे मिळाले असावेत. माझा कल संधीकडे आहे, रानोमाळ हे घरोघरच्या साच्यावर मागाहून बेतले गेले असे मला वाटते. निवाडा करायचा तर फारसीचा लोंढा येण्यापूर्वीचे गद्य उघडावे लागेल: यादवकाळचे, महानुभावांचे. लीळाचरित्रातली गावे चक्रधरांनी पायी तुडवली आहेत; वीप्सेचा तो ‘ओ’ भेटायचा तर अशाच वाटेवर भेटेल.